गॉज मोजणारी

माझं काम मोजणं.
आत गेलेले गॉज किती, बाहेर आलेले किती,
सुया किती, चिमटे किती.
आकडा जुळल्याशिवाय शेवटचा टाका पडत नाही,
मग जनरेटरचं डिझेल संपो की डोंगरावर रात्र होवो.
सुर्खेतच्या या खोलीत बावीस वर्षं
मी टेबलाच्या डाव्या अंगाला उभी आहे.

समोर स्टुलावर ताम्राकार मॅडम,
रत्नशोभा ताम्राकार, पाटणच्या तांबटाच्या लेक.
म्हणतात, भांडं बुडाकडून जातं,
आणि लोक वरून कल्हई करत बसतात.

जौकली बुढा, कालिकोटची.
बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी पाठीवर डोको,
कपाळावर पट्टा, डोकोत ओली लाकडं.
अंग बाहेर आलं.
ते तिनं अठरा वर्षं अंगावर काढलं.
चिंधीची वळकटी आत कोंबून भात लावला,
नवऱ्यानं दुसरी आणली तिला ओवाळलं.
तपासताना पुटपुटली, हे माझं एकटीचंच ना?
मॅडम म्हणाल्या, बाहेर बाकावर तीसजणी आहेत,
जा, विचारून ये.

शिकवायची जागा दिसत नाही.
हाडाच्या टोकामागे, खोल, एक ताठ दोरी.
तिच्यात टाका धरला की ढळलेलं छत पुन्हा वर टांगता येतं.
पण ती दोरी फक्त बोटाला कळते.
म्हणून शिकाऊचं बोट आत,
त्याच्या बोटावर मॅडमचं बोट, हलकेच दाब.
लागली?
खोटं 'हो' म्हणणारा पेरावरून ओळखू येतो.
मॅडमच्या बोटावर असंच कधीतरी
एका डच म्हाताऱ्याचं बोट होतं.
त्याला नेपाळी फक्त एवढंच यायचं: लागली?

एका वर्षी कंपनीनं जाळी पाठवली,
फुकट, सोबत निळ्या बॅगा आणि पेनं.
सातजणींना बसवली.
पुढे तिघींची धागा धागा करून काढावी लागली.
त्या तीन दिवसांत मॅडम जेवल्या नाहीत, एवढं मला माहीत.
आता दर वर्षीचा पहिला तास त्या तिघींचा असतो.
फळ्यावर आधी स्वतःचं नाव लिहितात,
खाली: चूक, कशी झाली.
एकदा एक पोरगा हसला.
त्याला त्यांनी हाकललं नाही,
जाळी काढलेल्या बाईला पाणी द्यायला पाठवलं.

मोजायची सवय, म्हणून मोजते:
एकूण एकोणीस शिकले.
आठ ऑस्ट्रेलियात.
चार काठमांडूत, दिवसाला सहा सिझेरियन, नवी गाडी.
टंकनाथ निवडणुकीला उभा राहिला, पडला.
लाक्पा डोमा बस दरीत गेली तेव्हा तिच्यात होती;
तिचे हातमोजे, साडेसहा नंबर,
अजून कपाटात आहेत, मी कुणाला देत नाही.
बाकी कुठे, धड सांगता येत नाही.
आत गेले तितके बाहेर आले, पण टेबलावर दिसत नाहीत.

काल निरोप झाला. मंत्री दोन तास उशिरा.
खादा, झेंडू, चुकीचं आडनाव.

आज जौकली.
स्टुलावर पवित्रा रोकाया, जुम्ल्याची, परत आलेली एकटी.
तिच्या शेजारी नवा पोरगा, घामाघूम.
मॅडम मागे उभ्या,
हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीशी बांधलेले.
पवित्रानं पोराचं बोट धरलं, वर आपलं ठेवलं.
लागली? तोच सूर.
मॅडमच्या पाठीमागे त्यांचं बोट किंचित वाकलं.
ते फक्त मला दिसलं.

सवयीनं त्यांनीच विचारलं, जुळलं?
बारा आत, बारा बाहेर.
गॉज जुळले, मी म्हणाले.

संध्याकाळी जौकली शुद्धीवर आली.
तीन महिने डोको उचलायचा नाही, पवित्रानं बजावलं.
ती हसली, टाक्यांमुळे बेतानंच.
मग लाकडं कोण आणणार, डॉक्टर? तू?
पवित्रानं माझ्याकडे पाहिलं.
मी ट्रे धुवायला घेतला.